अनुभव धागा : नागपूर विद्यापीठाच्या गणित विभागाची पायरी चढलात का कधी?

भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पीसीएम. आता फिजिक्स-केमिस्ट्री सोडून नुसत्या गणितात एम.एस्सी. करायचं म्हणते. तिच्या बाबांचा प्रश्न एकच, "पुढे काय?" आणि भाचीचा वेगळाच, "मामी, तिथं दोन वर्षं दिवसभर करतात तरी काय?" मला दोन्हीचं उत्तर देता येईना.

मी अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये एकदाच गेलेय, तेही दुसराच विभाग शोधत भटकताना. एका उघड्या दारातून फळा दिसला. गच्च भरलेला, आणि त्यावर आकडा म्हणून एकच होता : शून्य. बाकी सगळी अक्षरं. गणिताचा वर्ग आहे हे मला पाटी वाचून कळलं.

तर जे तिथं शिकले, ज्यांची मुलं शिकली, जे नुसते जाऊन आले, सगळ्यांनी लिहा. नोकरीचंही लिहा. गोडगोड नको.

जुना विद्यार्थी, १९९४ची बॅच

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. गोंडवाना विद्यापीठ २०११चं, आमच्या वेळी एम.एस्सी. म्हटलं की नागपूरच. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लसावि, मसावि, बैजिक राशी यांत वाढलेला माणूस. बी.एस्सी. इंग्रजीत झालं ते पाठांतरावर. गणितं सोडवायला भाषा लागत नाही, असा माझा गोड गैरसमज होता.

एम.एस्सी.त पहिल्याच आठवड्यात कळलं की इथं गणितं सोडवायचीच नाहीत. सिद्ध करायचंय. रिअल अ‍ॅनालिसिसच्या वहीत इंग्रजी वाक्यंच वाक्यं, मी नुसता उतरवून घ्यायचो. दिवाळीपर्यंत शून्य प्रकाश. खोलीवरचा मित्र अकोल्याचा. तो एका रात्री म्हणाला, "काहून एवढा ताण घेऊन राह्यला बे? दहावीच्या भूमितीसारखं लिही ना." म्हणजे पक्ष, साध्य, सिद्धता. आठवतंय का? वहीत तीन मथळे पाडून लिहायचो आपण. मी तेच सुरू केलं. वर काय दिलंय ते पक्ष, काय दाखवायचं ते साध्य, खाली रिकामी जागा. निम्मी भीती तिथंच गेली, कारण निदान कळायचं की आपल्याला नक्की काय कळलेलं नाही.

आमचे एक सर कॉम्पॅक्टनेस शिकवत होते. व्याख्या तीनदा सांगितली, वर्ग ढिम्म. मग त्यांनी फळ्यावर शून्य ते एक अशी आडवी रेघ काढली. एक धरायचा, शून्य वगळायचं. म्हणाले, हा माणूस झोपलाय. डोकं एकाकडे, पाय शून्याकडे. आता चादरी घ्या. पहिली चादर अर्ध्यापासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत, दुसरी एकतृतीयांशापासून, तिसरी एकचतुर्थांशापासून, अशा अनंत. सगळ्या मिळून माणूस पूर्ण झाकला जातो की नाही? जातो. आता यातल्या मोजक्या निवडून झाका. शंभर घ्या, हजार घ्या. सगळ्यात लांब चादर एक हजारांशापाशी थांबली, तर त्याच्या खाली पाय उघडेच! कितीही घ्या, मोजक्या असल्या की पाय उघडे. कॉम्पॅक्ट म्हणजे कशाही चादरी टाकल्या तरी त्यांतल्या मोजक्यांनी भागलं पाहिजे. इथं भागत नाही, म्हणून हा संच कॉम्पॅक्ट नाही.

डिसेंबरातली सकाळ होती, आम्ही सगळे स्वेटरात. हसलो, आणि समजलं. आज मी बँकेत आहे, कॉम्पॅक्ट काही लागत नाही. पण हिवाळ्यात पांघरूण आखूड पडलं की सर आठवतात.

वर्ध्याची आई

लेकीच्या ॲडमिशनला गेले होते. ती कागदपत्रांच्या रांगेत, मी बाकावर. समोर रिकाम्या वर्गात दोन मुलं आणि एक मुलगी फळ्यापाशी भांडत होती. मला वाटलं खरंच भांडण आहे. मुलगी म्हणे, "तू हे धरूनच चालला ना, ते तर आधी दाखवावं लागते." मुलाने डस्टर घेऊन अर्धा फळा पुसला, पुन्हा सुरू. पाऊण तास. कुणी घड्याळ पाहिलं नाही, मोबाईल काढला नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं, पोरगी ठीक जागी चालली आहे.

ऊन मात्र नागपूरचं. डबा, पाणी, दुपट्टा घेऊनच जा. झेरॉक्स दोन सेट जास्तीच्या काढून ठेवा.

शाळामास्तर

२२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन. २०२३ला आम्ही आठवीची पोरं घेऊन विभागात गेलो होतो. भाषण झालं, त्यात पोरांनी जांभया दिल्या (मीही एक दिली). मग एम.एस्सी.च्या मुलींनी ताबा घेतला.

कापरेकरांचा खेळ. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, एम.एस्सी. वगैरे काही नाही, १९४९ साली त्यांना ६१७४ सापडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतोच. फळ्यावर २०२३ घेतलं : २९९७, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च. पोरं वह्यांवर तुटून पडली.

आमची एक पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, उभी राहिली. "मॅडम, माझं शून्य आलं." तिने २१११ घेतलं होतं. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. मग ९९९ वजा ९९९, शून्य. कापरेकर चुकले! मी पुढे होऊन तिला बसवणार होतो. त्या एम.एस्सी.वालीने हाताने थांबवलं आणि पोरीलाच विचारलं, "संख्या किती अंकी घ्यायची ठरलं होतं?" पोरगी गप्प. मग म्हणाली, "चार... म्हणजे समोर शून्य लिहायचं?" ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. तिने खडू खाली ठेवला तेव्हा टाळ्या भाषणापेक्षा जास्त वाजल्या. मी वीस वर्षं शिकवतोय, तरी बसवणारच होतो तिला.

तासिकावाला

गोडगोड नको म्हणालात म्हणून लिहितो. एम.एस्सी. झालं की सेट किंवा नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा. सीएसआयआर नेटचा पेपर २०० गुणांचा. त्यात भाग 'क' मध्ये एका प्रश्नाला ४.७५ गुण, एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. त्या भागात निगेटिव्ह नाही, तरी पाठ करून आलेला माणूस तिथंच आपटतो. मी तीनदा आपटलो, चौथ्यांदा निघालो.

त्यानंतर सहा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, मध्ये गाडीवर तर्री पोहे. एका ठिकाणचं मानधन मार्चचं दिवाळीत मिळालं. पर्मनंट जागेची जाहिरात निघेल-निघेल म्हणत पोरं चाळिशीला आली, हे खरं आहे. बॅचमधले जे कोडिंग किंवा डेटाकडे वळले ते बरे आहेत. बाबांना सांगा, प्रश्न चुकीचा नाही त्यांचा. पण पोरीला नुसती नोकरी हवी असती तर तिने "दिवसभर करतात काय" असं विचारलं नसतं.

पीडब्ल्यूडीतून निवृत्त

आपल्याकडच्या गणिताच्या पीएच.डी. पाहिल्या तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरच्या बऱ्याच निघतात. मला वाटायचं हे फिजिक्सवाल्यांचं काम. ओळखीच्या मुलाचा सेमिनार होता म्हणून मागे जाऊन बसलो. तो ख्रिस्टॉफेल चिन्हं मांडत होता, म्हणजे वाकलेल्या अवकाशाच्या गणितात लागणाऱ्या राशी. चार मितींत स्वतंत्र अशी ४०. मी मनात म्हटलं, बापा, आज रात्र इथंच. पण तो म्हणाला, तारा गोल आणि स्थिर धरला तर यातली ९च उरतात, बाकी शून्य. एकेक खोडत गेला. आम्ही आयुष्यभर पुलांचे भार काढले, तिथंही सममिती दिसली की अर्धं काम वाचतं. अक्षरांना वर-खाली लटकलेले आकडे सोडले तर माणूस ओळखीचं बोलत होता.

चहा बाहेर येऊन प्यावा, मुलांच्या घोळक्यात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. तासिकावाल्यांचं वाचताना आवाज जरा खाली आणला होता, तिने पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं.

रात्री जेवताना तिने चादरीचा किस्सा बाबांना सांगितला, पोळीवर बोटाने रेघ ओढून. आणि विचारलं, आता शून्यही माणसातच धरलं तर? भाऊजी बराच वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, "मग शून्यावर टाकलेली एक चादर असेलच ना. ती थोडी तरी वर येईल. तिच्यापर्यंत पोचणारी एक घेतली की झालं, दोनात भागते."

पोरगी बघतच राहिली. तिने पोळी तशीच ठेवून वही आणली आणि वर 'पक्ष' लिहिलं.

सोमवारी दोघं कॅम्पसला जाऊन येणार आहेत. रविनगर चौकातून ऑटो लगेच मिळते का, तेवढं सांगा कुणीतरी.