मदरबोर्ड बदलला अन् विंडोज म्हणतंय अ‍ॅक्टिव्हेट करा

पंचवटीकर: मंडळी, पंचवटीत माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, लाइटच्या झटक्यात मदरबोर्ड गेला, नवीन टाकला, लगेच विंडोज ११ चा अपडेट मारला तर कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' येतंय, वॉलपेपरही बदलू देत नाही. अपडेट काढू का? की १० वर परत जाऊ?

सिडकोवाला: अपडेटचा दोष नाही भाऊ. डिजिटल लायसन्स, म्हणजे विंडोज वापरायचा ऑनलाइन नोंदलेला परवाना, मदरबोर्डशी बांधलेलं असतं, बोर्ड बदलला की विंडोजला वाटतं हे वेगळंच मशीन. आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडलं होतं का? असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये ट्रबलशूट दाब, तिथे हार्डवेअर नुकतंच बदललंय असा पर्याय येतो. आणि १० वर जाऊ नको, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पंचवटीकर: अकाउंट आहे, पण विंडोज मशीनसोबतच आलं होतं.

गंगापूररोड: मग अवघडे. ते ओईएम, म्हणजे मशीनसोबतच आलेलं लायसन्स, सहसा त्याच बोर्डापुरतं. तरी ट्रबलशूट करून बघा, नाहीच झालं तर रिटेल की (सुटा विकत मिळणारा अ‍ॅक्टिव्हेशनचा कोड) घ्या, ती पुढच्या मशीनवर नेता येते. तोवर सिक्युरिटी अपडेट येत राहतील, काम अडणार नाही. फक्त कुणी पेनड्राइव्हवर अ‍ॅक्टिव्हेटर (विंडोज चोरून अ‍ॅक्टिव्हेट करणारं सॉफ्टवेअर) आणून दिला तर टाकू नका, गिऱ्हाइकांची आधार कार्डं असतात त्या मशीनमध्ये!

पंचवटीकर: ट्रबलशूटने नाही झालं. रिटेल की घेतो आता, काय करणार.