अनुभव धागा: अर्धवट सोडलेला इंडी (छोट्या स्वतंत्र टीमचा) गेम नव्या डेव्हलपरने पुढे न्यावा का?

'पिक्सेल डन्जन'च्या कर्त्याने २०१४ मध्ये सोर्स कोड जीपीएल ३ या खुल्या लायसन्सखाली खुला केला. त्याच वर्षी त्यातून 'शॅटर्ड पिक्सेल डन्जन' निघाला आणि पुढे मूळ गेमपेक्षा कितीतरी मोठा झाला. पण बाकीचे शेकडो गेम रेपोमध्ये (कोडच्या ऑनलाइन साठ्यात) नुसते पडून आहेत. दुसऱ्याचा कोड हातात घेऊन ज्यांनी काम केलंय त्यांनी इथे लिहावं: आधी काय तपासायचं, कुठे अडतं, कधी थांबायचं. आठवणी नकोत, कामाचं सांगा.

प्रतिसाद १

न्यावा, पण लायसन्सची फाइल वाचल्यावरच. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) कोड दिसतो म्हणजे तो वापरायला मोकळा आहे असं नाही. लायसन्स दिलेलंच नसेल तर सगळे हक्क मूळ कर्त्याकडे राहतात, भले तो दहा वर्षं तिकडे फिरकला नसेल. एमआयटी लायसन्स असेल तर कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की पुरतं. जीपीएल असेल तर गेम विकता येतो, पण ज्यांना द्याल त्यांना तुमच्या बदलांसह सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो.

कोड खुला म्हणजे चित्रं आणि संगीत खुलं, असं समजू नका. 'ओपनटीटीडी' २००४ मध्ये सुरू झाला तेव्हा तो चालवायला मूळ 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स'च्या फाइल लागायच्या. चित्रं आणि आवाज नव्याने तयार झाल्यावरच, २०१० च्या १.० आवृत्तीत, ती गरज संपली. म्हणून पहिल्याच दिवशी एक तक्ता करा: प्रत्येक फाइल, कोणाची, कोणत्या अटीवर. फॉन्टही त्यात धरा, तेच हमखास राहून जातात.

प्रतिसाद २

मूळ कर्ता सापडला आणि 'घ्या, करा पुढे' म्हणाला, तरी तेवढ्यावर कामाला लागू नका. भारतातल्या कॉपीराइट कायद्याचं (१९५७) कलम १९ वाचा. हक्क नावावर करून घ्यायचे तर सही असलेला लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो संपतो. आधीच रखडलेला गेम घेणाऱ्याने हे शेवटचं पक्कं लक्षात ठेवावं! करारात कोड, चित्रं, गेमचं नाव, स्टोअरवरचं पान आणि साइनिंग की (अ‍ॅपवर डिजिटल सही करायची किल्ली) यांचा वेगवेगळा उल्लेख हवा. संगीतकार बहुतेक वेळा तिसरीच व्यक्ती असते, तिची परवानगी वेगळी घ्या.

प्रतिसाद ३

कागद झाले की बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा गेम तयार करणं. जुना गेम जसाच्या तसा चालेपर्यंत कोडच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही, नाहीतर बिघाड जुना की तुमचा हे कधीच कळणार नाही.

युनिटी या गेम इंजिनमधला प्रोजेक्ट असेल तर 'प्रोजेक्टसेटिंग्ज' फोल्डरमधल्या 'प्रोजेक्टव्हर्जन' या टेक्स्ट फाइलमध्ये नेमकी आवृत्ती असते, तीच उतरवून घ्या. मेटा फाइल (प्रत्येक फाइलचा ओळख-क्रमांक ठेवणाऱ्या) रेपोत आहेत का पाहा. त्या नसतील तर युनिटी नवे ओळख-क्रमांक तयार करतं, सीनमधले दुवे तुटतात आणि जिथे तिथे 'मिसिंग स्क्रिप्ट' दिसू लागतं. ते सगळं हाताने जोडायचं म्हणजे महिनोन्महिने. चित्रं उघडत नसतील आणि प्रत्येक फाइल जेमतेम सव्वाशे-दीडशे बाइटची असेल, तर ती चित्रं नाहीतच, गिट एलएफएसचे (मोठ्या फाइल वेगळ्या ठेवायची सोय) नुसते पॉइंटर आहेत. खऱ्या फाइल मूळ कर्त्याकडून मागवा.

युनिटीची आवृत्ती वाढवायचीच असेल तर २०१८.४ वरून थेट नव्यावर उडी नको. २०१९.४, मग २०२०.३, असं एकेका एलटीएसने (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीने) जा आणि प्रत्येक पायरीला कमिट करा, म्हणजे बदल रेपोत नोंदवा.

गोडो या दुसऱ्या इंजिनच्या आवृत्ती ३ चा गेम ४ वर नेण्याची घाई करू नका. कन्व्हर्टर नावं बदलून देतो, 'कायनेमॅटिकबॉडी२डी'चं 'कॅरेक्टरबॉडी२डी' करतो. पण पात्र हलवणाऱ्या 'मूव्ह अँड स्लाइड' या फंक्शनला आता वेग बाहेरून द्यायचा नसतो, तो बॉडीच्याच 'व्हेलॉसिटी'त असतो. उड्या आणि टकरींचा कोड त्यामुळे हाताने तपासावा लागतो. गेम ३.६ वर नीट चालत असेल तर तिथेच पूर्ण करा.

प्रतिसाद ४

अँड्रॉइडसाठी भर. प्ले अ‍ॅप साइनिंग (साइनिंग की गूगलने सांभाळायची सोय) चालू असेल तर हरवलेली अपलोड की (गूगलकडे अ‍ॅप पाठवताना वापरायची) गूगलकडून बदलून मिळते. चालू नसेल आणि साइनिंग की हरवली असेल, तर जुन्या अ‍ॅपला अपडेट देणं विसरा. नवं पॅकेज नाव (अ‍ॅपची ओळख) घ्यावं लागतं, आणि खेळणाऱ्यांचे सेव्ह (साठवलेली प्रगती) जुन्या अ‍ॅपच्या खासगी जागेतच अडकतात. की शाबूत असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे मूळ कर्त्याच्या खात्यातून आपल्या खात्यात अ‍ॅप ट्रान्सफर.

प्रतिसाद ५

अगदी नव्या माणसाला माझं उत्तर 'नको'. गेमच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. कोडवर, चित्रांवर, लिखाणावर असतो. नियम आवडले असतील तर तेवढेच घ्या, नाव आणि चित्रं स्वतःची करा, कोड कोऱ्या पानावरून लिहा. तरी जुनाच गेम हवा असेल तर आधी नोंदलेले तीन छोटे बग (कोडमधल्या चुका) दुरुस्त करून बघा. एका बगसाठी पाच-सहा असंबंधित फाइल उघडाव्या लागत असतील, तर पुढचं प्रत्येक काम असंच जाणार.

प्रतिसाद ६

प्रतिसाद ५ मधली तीन बगांची चाचणी पटली. फक्त ती होईपर्यंत 'गेम परत येतोय' असं कुठेही जाहीर करू नका. त्या खेळाडूंची एकदा निराशा झालेलीच आहे. आणि पहिल्या बदलाआधी सेव्ह फाइलमध्ये आवृत्ती क्रमांक आहे का बघा. नसेल तर तो घाला, क्रमांक नसलेली फाइल म्हणजे आवृत्ती ०, असं धरून ती वाचणारा कोड लिहा, आणि जुन्या खेळाडूंकडून पाच-दहा सेव्ह मागवून त्यावर तपासा.