दातांत पेन धरून मूड सुधारतो का?

बरेचदा सांगितलं जातं की खोटं हसलं तरी मेंदू फसतो आणि मूड सुधारतो, हे 'सिद्ध' झालंय. जरा दमानं! हा दावा बहुधा मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्रॅक यांच्या १९८८ च्या प्रयोगावरून येतो. काहींना पेन दातांत धरायला लावलं (गाल आपोआप हसल्यासारखे ताणले जातात), काहींना ओठांत (हसताच येत नाही), आणि व्यंगचित्रांना गुण द्यायला सांगितले. दातवाल्यांना चित्रं जास्त गमतीदार वाटली. खुबी अशी की हसण्याचा विषयच कुणी काढला नव्हता.

मग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं. फरक जवळपास शून्य. स्ट्रॅक म्हणाले, तुम्ही लोकांवर कॅमेरा लावलात ना, कुणी बघतंय म्हटल्यावर परिणाम कसा दिसणार! मला ही पळवाट वाटली होती, पण २०१८ मध्ये इस्रायली संशोधकांना कॅमेरा नसताना परिणाम दिसला, असताना नाही. २०२२ च्या १९ देशांतल्या अभ्यासात मुद्दाम हसल्यावर किंवा हसऱ्या फोटोची नक्कल केल्यावर लोकांना किंचित बरं वाटलं. पेनचं मात्र अजून तळ्यात-मळ्यात. म्हणजे परिणाम असला तरी चिमूटभर. तेवढ्यावर नैराश्यातल्या माणसाला 'हस की जरा' सांगायला जाऊ नये, एवढंच.