न्यू जर्सी: दहावीनंतर थेट तिकडच्या हायस्कूलमध्ये. डिप्लोमासाठी काय लागतं?

निशिगंध
नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतेय. यंदा दहावी झाली, राज्य मंडळ, सेमी-इंग्लिश, प्रथम भाषा मराठी. ऑगस्टमध्ये आईवडिलांबरोबर एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या पालकांसोबत जाणाऱ्या कुटुंबाचा व्हिसा) न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला जातेय. तिला अकरावीला घेतील की पुन्हा दहावीला बसवतील? दोन वर्षांत डिप्लोमा (तिकडचं हायस्कूल पुरं केल्याचं प्रमाणपत्र) पुरा होतो का? आणि निघण्याआधी इथल्या शाळेतून कोणते कागद घ्यावेत?

सह्यकडा
सगळ्यात आधी नववीचा निकाल शोधा. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, त्यामुळे नववीचे गुणही ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवर) चढतात. आपल्याकडे दहावीची गुणपत्रिका लॅमिनेट होते आणि नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत जातं. ते नसेल तर सरळ एका वर्षाची क्रेडिट्स (विषय पुरा केल्याबद्दल मिळणारं श्रेय, आकड्यांत) अडकतात.

राज्याची किमान अट १२० क्रेडिट्सची आहे. इंग्रजी २०, गणित १५ (अल्जिब्रा १, जॉमेट्री आणि त्यापुढचा एक विषय), विज्ञान १५ (प्रयोगशाळेसह, त्यात बायॉलॉजी हवंच), समाजशास्त्र १५ (त्यातली १० अमेरिकेच्या इतिहासाची, ५ जगाच्या इतिहासाची), आर्थिक साक्षरता २.५, कला ५, परकीय भाषा ५, करिअर किंवा तांत्रिक विषय ५ आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण दरवर्षी ३.७५. चारही वर्षं तिथे काढली तर याची बेरीज ९७.५ होते, उरलेली क्रेडिट्स आवडीच्या विषयांतून भरायची. ही राज्याची किमान रेषा झाली. अनेक डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) १२० च्या वर मागतात, तेव्हा त्या शाळेचं 'प्रोग्रॅम ऑफ स्टडीज' हे पुस्तक त्यांच्या साइटवरून आजच उतरवून घ्या.

गणिती
क्रेडिट म्हणजे काय ते समजलं की बाकीचं सोपं जातं. किमान ४० मिनिटांची तासिका आठवड्यातून एकदा, अशी वर्षभर झाली की १ क्रेडिट. रोज एक तासिका म्हणजे ५. शारीरिक शिक्षणाचा ३.७५ हा विचित्र आकडाही इथूनच येतो: आठवड्याला १५० मिनिटं भागिले ४०.

म्हणूनच मुख्याध्यापकांकडून एक पत्र घ्याच. नववी आणि दहावीच्या प्रत्येक विषयाच्या आठवड्याला किती तासिका, एक तासिका किती मिनिटांची, वर्षात किती आठवडे शाळा भरली. नुसते गुण बघून काउन्सेलरला (विषय आणि क्रेडिट्स बघणारा तिकडच्या शाळेतला सल्लागार) काही ठरवता येत नाही, तासिका दिसल्या की तो लगेच गुणाकार करतो.

दुसरी अडचण गणिताची. मंडळाच्या गुणपत्रिकेवर 'गणित' असा एकच विषय १०० पैकी छापलेला असतो. प्रत्यक्षात भाग १ बीजगणित ४० गुण, भाग २ भूमिती ४० गुण आणि अंतर्गत २०. हे कोणी सांगितलं नाही तर तिकडे एकाच विषयाचं श्रेय मिळतं आणि मुलगी पुन्हा जॉमेट्रीत बसते. दोन्ही भागांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत जोडा आणि अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री अशी वेगवेगळी क्रेडिट्स लेखी मागा. विज्ञानाचंही तेच: भाग १ मध्ये भौतिक आणि रसायन, भाग २ मध्ये जीवशास्त्र. जीवशास्त्राचे प्रयोग झाल्याचा पुरावा म्हणून प्रयोगवही, शिक्षकांच्या सह्यांसकट, सोबत न्या. वजन होतं पण न्या.

चाफेकळी
सेमी-इंग्लिश आणि प्रथम भाषा मराठी, इथे मला खरी काळजी वाटते. तिचं इंग्रजी तृतीय भाषा म्हणून झालंय. काही काउन्सेलर ते इंग्रजीच्या २० क्रेडिट्समध्ये धरतात, काही म्हणतात ही तर परकीय भाषा. दुसरं झालं तर दोन वर्षांत चार वर्षांचं इंग्रजी करायची पाळी येते: नेहमीचा वर्ग, जोडीला दुसरा इंग्रजी वर्ग, शिवाय उन्हाळी शाळा. तेव्हा पहिल्याच भेटीत हा विषय काढा. विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकल्याचं मुख्याध्यापकांच्या पत्रात स्पष्ट येऊ दे. परकीय भाषेच्या ५ क्रेडिट्ससाठी मराठी आणि हिंदी पुढे करा. ती जागा मराठीने भरली की इंग्रजीला इंग्रजीतच राहू द्या असं म्हणता येतं. त्यावरही शाळा अडली तर न्यू जर्सीत भाषेची अट प्रावीण्य चाचणीनेही भागते, मराठीसाठी कोणती चाचणी ते डिस्ट्रिक्ट मान्य करतं हे विचारा.

प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' असं विचारतात. मराठी लिहिलं की बहुधा मुलीची इंग्रजी चाचणी होते. म्हणून काही जण तिथे इंग्रजी लिहून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. गरज असलेली मदत हातची जाते, आणि मराठीचं क्रेडिट मागताना तोच फॉर्म आडवा येतो.

सह्यकडा
आता अकरावीचा हिशेब मांडून बघू. समजा गणित १०, विज्ञान १०, इंग्रजी १०, जगाचा इतिहास ५ आणि भाषा ५ इथून लागू झाले. मग राहिलं काय? इंग्रजी १०, अमेरिकेचा इतिहास १०, अल्जिब्रा २ ची ५, केमिस्ट्री किंवा फिजिक्स ५, आर्थिक साक्षरता २.५, कला ५, करिअर ५, शारीरिक शिक्षण दोन वर्षांचं ७.५. एकूण ५०. शारीरिक शिक्षण 'शाळेत असाल त्या प्रत्येक वर्षासाठी' मोजतात, त्यामुळे मागची दोन वर्षं भरून काढावी लागत नाहीत. सात-आठ तासिकांच्या वेळापत्रकात वर्षाला ३५ ते ४० क्रेडिट्स बसतात, म्हणजे दोन वर्षांत ५० आरामात. पण एकूण १२० ची बेरीजही जमायला हवी, म्हणून नववी-दहावीचा एकही विषय ट्रान्स्क्रिप्टवरून गळू देऊ नका, अगदी भूगोल आणि श्रेणी मिळालेले विषयसुद्धा. इंटरमिजिएट चित्रकलेची परीक्षा नववीत दिली असेल तर ते प्रमाणपत्रही दाखवा. कलेत धरतील असं नाही, पण विचारायला हरकत नाही.

एक_पालक
हिशेब पटला, तरी माझं मत दहावीचं आहे. अकरावीत गेली की वसंतात लगेच एनजेजीपीए ही राज्याची परीक्षा येते. डिप्लोमासाठी ती लागते, इंग्रजी आणि गणित दोन्हीत किमान ७२५. त्याच वर्षी सॅट (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा), त्याच वर्षी नवीन देश. पुढच्या शरद ऋतूत कॉलेजचे अर्ज, तेव्हा तिच्या हातात अमेरिकन शाळेचं एकाच वर्षाचं ट्रान्स्क्रिप्ट असेल आणि शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनी तिला जेमतेम वर्षभर पाहिलेलं असेल. दहावीत गेली तर तीन वर्षं मिळतात. न्यू जर्सीत विसाव्या वर्षापर्यंत सरकारी शाळेत फुकट शिकता येतं, तेव्हा वयाची अडचण नाही.

गणिती
दहावीत बसवलं तरी क्रेडिट्स सोडू नका, एवढंच. वर्ग आणि क्रेडिट या वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीत बसून अल्जिब्रा २ घेता येतं. पुष्कळ जण 'पुन्हा दहावी' म्हणजे सगळे विषय पुन्हा असं समजतात आणि मुलगी वर्षभर येणारीच भूमिती करत बसते.

एनजेजीपीएचं गणित अल्जिब्रा १ आणि जॉमेट्रीवरचं असतं, आपल्या दहावीच्या मुलांना आशय जड नाही. अडतं ते शब्दरूप उदाहरणांच्या इंग्रजीत, आणि फूट-इंच-पौंडात. एखादा भाग राहिलाच तर दुसरी वाट आहे: सॅट, पीएसॅट (सॅटची पूर्वपरीक्षा) किंवा एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा) यांचे ठरावीक गुण चालतात, आणि त्यानेही नाही जमलं तर शाळेमार्फत कामाची पोर्टफोलिओ फाइल राज्याकडे जाते. गुणांची रेषा बॅचनुसार बदलू शकते, म्हणून तिच्या डिप्लोमाच्या वर्षाची रेषा काउन्सेलरकडून लिहून घ्या.

निशिगंध
केवढं सांगितलंत, मनापासून आभार! अजून एक. डिप्लोमा झाल्यावर हे लोक परत आले आणि तिला इथेच इंजिनिअरिंग करायचं झालं तर?

चाफेकळी
मग केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही घ्यायला लावा, शिवाय बारावीपर्यंत गणित. डिप्लोमासाठी तिसरं विज्ञान कुठलंही चालतं, आणि इथेच मुलं फसतात. फिजिक्सशिवाय डिप्लोमा हातात येतो आणि इथल्या प्रवेशाच्या वेळी पात्रतेत बसत नाही. जीवशास्त्राकडे कल असेल तर तोही विषय वरच्या पातळीचा हवा. परत आल्यावर भारतीय विश्वविद्यालय संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल, म्हणून नववी ते बारावी चारही वर्षांची ट्रान्स्क्रिप्ट आणि डिप्लोमा तिथून निघण्याआधीच ताब्यात घ्या.

निशिगंध
कळलं. सोमवारी शाळेत जाते. पत्रात नेमकं काय लिहून घेऊ?

सह्यकडा
शाळेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, नववी आणि दहावीसाठी वेगवेगळं. वर मुलीचं नाव पासपोर्टप्रमाणे (गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, त्याचा खुलासा एका ओळीत), जन्मतारीख, जनरल रजिस्टर नंबर, शिक्षणाचं माध्यम. खाली तक्ता: विषय, आठवड्याच्या तासिका, तासिकेची मिनिटं, वर्षातले आठवडे, गुण किंवा श्रेणी, प्रयोग होते का. शेवटी उत्तीर्ण व्हायला ३५ गुण पुरतात ही ओळ हवीच, कारण तिकडे साधारण ६०-६५ च्या खाली नापास धरतात आणि आपला ६२ त्यांना काठावरचा वाटतो. सही, शिक्का, तारीख. असे तीन संच, प्रत्येक बंद पाकिटात, झाकणावरही शिक्का. चौथा संच उघडा, तुमच्या फाइलसाठी. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर भाषांतरावरही शाळेचा शिक्का घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड, गोवर आणि हिपॅटायटिस बीच्या मात्रांच्या तारखा त्यावर नीट वाचता येतील असं.