डोअर पॅड विकत घेण्याआधी जुना पॅड जपा

दादा, १९६८ च्या फियाटला पद्मिनीचे डोअर पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचे रेक्झिन चढवलेले फळे, बसतील का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही गाड्या कुर्ल्याच्याच कारखान्यातल्या. पण १९७४ ला त्याच फियाटला पद्मिनी नाव लागल्यावरही ती पुढे पंचवीसेक वर्षं बनत राहिली, आतलं सामान बदलत गेलं. त्यामुळे 'फियाटचा पॅड' एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

मी तसाच तयार जोड आणला होता. काच चढवायच्या हँडलचं भोक बोटभर खाली निघालं आणि क्लिपा दाराच्या भोकांवर येईनात. पैसे गेलेच, वर दाराच्या पत्र्यावर ओरखडे उठले.

म्हणून कितीही कुजलेला असला तरी जुना पॅड फेकू नका. तो ब्राऊन पेपरवर ठेवून बाहेरची रेघ, हँडलची भोकं, प्रत्येक क्लिपची जागा पेन्सिलीनं उतरवा. तोच खरा नमुना. त्यावरून हार्डबोर्ड कापून घ्या. आपल्याकडचा पावसाळा दारातून आत येतोच, म्हणून रेक्झिन चढवण्याआधी हार्डबोर्डच्या कडांना आणि भोकांना वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर खालची कड पुन्हा फुगणार.

रंग जुळवायला आर्मरेस्ट काढून त्याखाली बघा. माझ्या गाडीचं रेक्झिन वरून मातकट, तिथे मात्र गडद लाल निघालं! तो तुकडा घेऊनच दुकानात जा, मोबाइलवरच्या फोटोत रंग फसवतो.

क्रोमच्या पट्ट्या आणि हँडलं मात्र जुनीच शोधा. त्यासाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात एक चक्कर मारायलाच हवी. नाशिकहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी.