विषय: सोलापुरात मुक्काम वाढलाय – घरात कांजिण्या

प्रेषक: लेस्टरकर (सध्या सोलापूर)

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्र दिनाच्या नाचात आमच्या मुलीला धरू नका. तिच्या जागी दुसरं कुणी तरी उभं करा. धाकट्या जाऊबाईंच्या डोहाळजेवणासाठी आम्ही ईस्टरच्या सुट्टीपुरते आलो होतो, पण काल मोठीच्या अंगावर कांजिण्या उठल्या आणि आता परतीची तारीख कुणालाच सांगता येत नाहीये.

घर बुधवार पेठेतलं, जुनं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, मागं एक न्हाणी. माणसं आठ. बाहेर ऊन बेचाळीसच्या वर. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि आल्यावर जेवढं भरून ठेवाल तेवढंच तुमचं. इंग्लंडमधल्या माहितीपत्रकात लिहितात की रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचा वेगळा टॉवेल, वेगळी चादर, रोज धुवा. इथे टॉवेलांना तोटा नाही, सोलापूरच ते. धुवायचं कशात, हा प्रश्न आहे.

इथले बालरोगतज्ज्ञ भले आहेत. मुलीच्या पोटावर एक नजर टाकली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "घरात कुणाला नागीण झाली होती का?" सासूबाई गप्प. आजेसासूबाईंना आम्ही यायच्या आदल्या आठवड्यात नागीण उठली होती. बरगडीखाली फोडांचा पट्टा, त्यावर कुणाकडून तरी गेरूचा लेप लावून घेतलेला. आम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं, "उगाच काळजी कराल" म्हणून. आणि दोन्ही पोरं दुपारची त्यांच्याच कुशीत झोपत होती. डॉक्टर म्हणाले, विषाणू एकच. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो, म्हातारपणी नागीण होऊन वर येतो. ज्याला कांजिण्या झालेल्याच नाहीत त्याला त्या फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. माझा इतके दिवस विमानातल्या शेजारच्या पोरावर संशय होता.

आता विचारायचंय ते असं. मला लहानपणी झाल्यात, खूण कपाळावर आहे. धाकटा अडीच वर्षांचा, त्याला नाहीत. नवऱ्याचं सासूबाई छातीठोक सांगतात, "झाल्यात की, तिसरीत असताना", पण मोठ्या नणंदबाई म्हणतात तो गोवर होता. आणि जाऊबाईंना सातवा संपत आलाय. त्यांचे आईवडील म्हणतात, लगेच माहेरी घेऊन जातो. दीर म्हणतात, "काय टेन्शन घेऊ नका की ओ वहिनी." मला मात्र टेन्शन आहे. आपल्या या ईमेल-यादीवर डॉक्टर मंडळी आहेत, कृपया लिहा.

---

प्रेषक: रेडिंगचे डॉक्टर

ताई,

प्रत्यक्ष बघणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मी घाईचं तेवढं आधी लिहितो.

जाऊबाईंचं रक्त आजच द्या. कांजिण्यांविरुद्धच्या प्रतिपिंडांची, आयजीजीची तपासणी म्हणा, लॅबवाल्यांना कळतं. माहेरी पाठवून काही साधणार नाही. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पोर लागण पसरवत असतं, म्हणजे व्हायचा तो संपर्क झालाय. उलट माहेरी कुणी लहान असेल तर तुम्ही आजार तिकडे नेऊन ठेवाल. प्रतिपिंडं असली तर विषय संपला, आणि आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांत ती असतात. नसली तर व्हीझेडआयजी नावाचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, ते जितकं लवकर तितकं बरं, उशिरात उशिरा संपर्कापासून दहा दिवसांच्या आत. इंग्लंडमध्ये हल्ली गरोदर बाईला त्याऐवजी ठराविक दिवसांनी विषाणूविरोधी गोळ्या देतात. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी आजच फोनवर बोला, दवाखान्यात इतर गरोदर बायकांच्या शेजारी नेऊन बसवू नका.

धाकट्याला लस. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिली तर आजार टळतो किंवा सौम्य निघतो. हिशेब करा, तुमच्या हातातले दिवस संपत आलेत. उद्या नको, आज संध्याकाळी. भारतात ही लस सरकारी लसीकरणात नाही, पण खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. तुमच्या नवऱ्यालाही तेच सांगतो. आईच्या आठवणीवर भिस्त ठेवू नका. प्रौढाला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियाची भीती पोरापेक्षा बरीच जास्त.

तापाला पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही, कांजिण्यांत ते दिल्यानं मुलांना रेज सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे यकृत आणि मेंदू दोन्हींवर घाला. आयबुप्रोफेनही नको, त्यानं त्वचेत खोल जंतुसंसर्ग वाढण्याचा संबंध दिसलाय. इथेच घोळ होतो: आपल्याकडे मुलांच्या तापाची बरीच सिरपं पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन मिसळलेली असतात. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा.

उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी परत चढला, एखाद्या फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज आली, पोर सुस्त पडलं, चालताना झोकांड्या खाऊ लागलं किंवा दम लागला, तर रात्र काढू नका.

आणि पुढचं वेळापत्रक मनाशी ठरवून ठेवा. संपर्कापासून पुरळ उठेपर्यंत दहा ते एकवीस दिवस, बहुतेकांना दोन आठवडे. घरात ज्यांना प्रतिकारशक्ती नाही त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना लागण होते. घरातल्या घरात ज्याला दुसऱ्या पाळीत होतो त्याला पहिल्यापेक्षा जास्त फोड येतात, कारण तो रात्रंदिवस त्याच हवेत असतो. म्हणून तिकिटं काढताना मुलीच्या खपल्या मोजू नका, दुसरी पाळी मोजा.

---

प्रेषक: बर्मिंगहॅमच्या काकू

अगं, कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली घाल आणि घरात फोडणी बंद कर. तळण नाही, मटण नाही. दहीभात दे. आणि आजीबाईंना नागिणीनं वेढा पूर्ण केला नाही ना ते बघ. दोन्ही तोंडं जुळली की माणूस राहत नाही म्हणतात, माझ्या मामींच्या वेळी सगळं घर घाबरलं होतं. देवाच्या दयेनं जुळली नाहीत.

---

प्रेषक: रेडिंगचे डॉक्टर

काकू, ती तोंडं जुळत नाहीत कारण नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते आणि तो पट्टा शरीराच्या एकाच बाजूला असतो. तुमच्या मामी सुरक्षितच होत्या. फोडणीबद्दल माझी तक्रार नाही.

---

प्रेषक: वुल्व्हरहॅम्प्टनहून

लेस्टरकरांना दोष देत नाही, पण पोरांना लस आधीच का नव्हती? अमेरिकेतल्या माझ्या भाच्यांना कधीची टोचलेली आहे.

---

प्रेषक: रेडिंगचे डॉक्टर

कारण अमेरिकेनं ही लस १९९५ मध्येच घेतली आणि ब्रिटननं नियमित वेळापत्रकात आणली ती जानेवारी २०२६ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या बहुतेक पोरांना इथे ती स्वतःच्या पैशानं घ्यावी लागायची, म्हणून कुणी घेत नसे. कांजिण्या म्हणजे लहानपणीचा किरकोळ आजार, असंच इथल्या यंत्रणेचं धोरण होतं. माझं मत विचाराल तर तीस वर्षं उशीर झाला.

परदेशात पोर आजारी पडलं की जीव कसा होतो ते आपल्या यादीला सांगायला नको. लस बनवणारे मिचिआकी ताकाहाशी हे जपानी डॉक्टर १९६४ मध्ये अमेरिकेत संशोधनाला गेलेले असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला जबर कांजिण्या झाल्या. मुलाच्या उशाशी रात्री काढल्यावर त्यांनी हा विषय हातात घेतला आणि १९७४ मध्ये लस जगापुढे ठेवली. आजही तोच वाण वापरतात.

---

प्रेषक: लेस्टरकर (अजून सोलापूर)

मंडळी,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सवड मिळाली नाही.

जाऊबाईंचा रिपोर्ट आला त्या दिवशी सगळ्या घरानं श्वास सोडला: प्रतिपिंडं आहेत. त्या माहेरी गेल्या नाहीत, ओसरीवर पाय लांब करून शेंगा सोलत बसल्या आणि मुलीशी सापशिडी खेळल्या. डोहाळजेवण पुढं ढकललं.

धाकट्याला त्याच संध्याकाळी लस मिळाली. पाळी आल्यावर त्यालाही उठल्याच, पण थोडक्या. एका दिवसापुरती कणकण, पाठीवर आणि मांडीवर तुरळक फोड. डायपर काढून टाकला, दिवसभर उघडाच हिंडला. फरशी पुसण्यात जे पाणी गेलं ते सोडा.

नवऱ्यानं मात्र लस घेतली नाही. आई म्हणते झाल्यात, तर झाल्यात. मग व्हायचं तेच झालं. ताप एकशे तीन, घशाच्या आत फोड, टाळूवर फोड, दाढीतून फोड. वरच्या पत्र्याच्या खोलीत वेगळं ठेवायचं म्हणून नेलं, तर तिथे दुपारी भाकरी भाजेल अशी गरमी. दीरांनी आणि मी खाली आणलं. पुरळ उठल्यापासून चोवीस तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू झालं, दिवसातून पाच वेळा. मध्ये खोकला लागला तेव्हा डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला, तो स्वच्छ निघाला. इंजिनियर माणूस, दोन रात्री पोरासारखा कण्हत होता. सासूबाई उशाशी बसून म्हणत होत्या, "म्हणजे तिसरीतला गोवरच म्हणायचा." कुणी काही बोललं नाही.

अंघोळीवरून मात्र जुंपली. सासूबाईंचा नियम असा की खपल्या पडेपर्यंत अंगाला पाणी नाही. डॉक्टर म्हणतात कोमट पाण्यानं रोज अंघोळ, नखं बारीक कापलेली, अंग चोळायचं नाही, टिपायचं. घाम, खाज, नखं आणि मळ एकत्र आले की फोडांत पू होतो. फोडणीला माझी हरकत नव्हती, घशात फोड असताना मिरचीचा ठसका कुणाला हवाय? पण या उन्हात बिनअंघोळीचं पोर? शेवटी निकाल दिला आजेसासूबाईंनी. त्यांच्या तोंडावर देवीच्या रोगाचे व्रण आहेत, गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर खोलगट, बोटाचं टोक बसेल एवढे. त्यांनी मुलीला उजेडात उभं केलं, फ्रॉक वर केला आणि पोट बघितलं. तळहाताएवढ्या जागेत तीन तऱ्हा: एक नुसता लाल ठिपका, एक पाण्यानं भरलेला टपोरा फोड आणि एक सुकून काळी खपली धरलेला. म्हणाल्या, "ही देवी न्हवं. देवीचे सगळे फोड एका वयाचे असतात, आन् तोंडा-हातावर आधी दाटतात. हे पोटावर लहानमोठं सगळं एका जागी. घाला पोरीला आंघोळ." बालरोगतज्ज्ञांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं, फक्त पुस्तकातून. देवीचा रोगी त्यांनी कधी बघितलेला नाही. भारतात शेवटचा १९७५ मध्ये सापडला होता.

अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला. त्यानं सासूबाईंचं मन राहिलं आणि अपाय काही नाही. समोरच्या पद्मशाली घरातल्या अम्मांनी दारात डहाळी खोचली आणि दहीभाताचा नैवेद्य देवीपुढं ठेवायला लावला. मुलीनं तो नैवेद्य संपवला, त्या दिवसांत तिनं पोटभर खाल्लेलं तेवढंच. एरवी ताक, नारळपाणी आणि थंड दूध. कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर दिसायची आणि तोंडाच्या फोडांमुळे खाता येत नव्हती, याचा तिला सगळ्यात जास्त राग.

नवीन सोलापुरी टॉवेल टिपायला घेऊ नका, रवाळ लागतो. सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून चौकोन केले, ते उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकले. अशा उन्हात दोरीवरचं कापड चहा होईपर्यंत वाळतं, एवढा एकच फायदा. रात्री धाकट्याच्या हातात सुती मोजे घातले होते, ते तो दातांनी काढायचा.

डॉक्टरसाहेब, तुमचं दुसऱ्या पाळीचं गणित पटलं. पहिल्या पोराकडे आख्खं घर बघत होतं. विचारायला माणसं येत होती, फळं येत होती. तिच्या खपल्या पडल्या तशी सगळी पांगली, दीर कामावर रुजू झाले. आणि मग बाप-लेक एकदम आडवे. मी मुलीच्या वेळीच झोप राखून ठेवली होती, सासूबाईंना रात्रीची पाळी वाटून दिली होती, म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे पुढं कधी कांजिण्या येतील त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळी रजा आणि सगळी माणसं खर्चू नयेत.

विमान कंपनीनं सगळे फोड खपल्या धरेपर्यंत घेणार नाही असं कळवलंय, डॉक्टरांचं पत्र मागितलंय. शाळेकडून गैरहजेरीचं खरमरीत पत्र आलंय, त्याला इथल्या डॉक्टरांचा दाखला जोडला. आता फक्त नवऱ्याच्या पाठीवरच्या खपल्या उरल्यात.

एक विचारायचं राहिलं. पन्नाशीपुढच्यांना नागिणीची लस २०२३ पासून भारतातही मिळते, दोन डोस, असं इथे कळलं. आजेसासूबाई म्हणतात, "मला झाली ती झाली, आता कशाला?" पण नागीण पुन्हाही होऊ शकते आणि सासूबाईंना तर अजून झालेलीच नाही. तुमच्यापैकी कुणी आईवडिलांना दिली असेल तर दुसऱ्या दिवशी हात किती दुखला आणि ताप आला का, ते लिहा. सासूबाईंची हरकत तेवढ्यावरच अडलीय.