पहाटे साडेचार की साडेपाच?

‘अलार्म बरोबर लावला तरी ऑस्करचा पहिला तास हुकला’ ही ग्रुपवरची तक्रार खरी आहे, पण त्यात चूक चॅनेलची नाही, अमेरिकेच्या घड्याळाची आहे. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात, आपली सरकत नाहीत. 2024 चा सोहळा नेमका त्याच रविवारी, 10 मार्चला होता. लॉस एंजेलिसचे दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेचार. 2025 ला तो 2 मार्चला झाला, घड्याळं हलायच्या आधी. तेच चार, पण इकडे साडेपाच. म्हणून गेल्या वर्षीची वेळ डोळे झाकून धरू नका, आधी तारीख बघा. उशिरा उठलात तर सहाय्यक भूमिकेचा पुरस्कार गेलाच म्हणून समजा, या दोन्ही वर्षी सुरुवात त्यानेच झाली होती.

टिळकवाडीतल्याने ग्रुपवर ‘जिंकलाऽऽ’ म्हणून टाकलं आणि खानापूरवाल्याच्या पडद्यावर अजून पाकीटही फुटलेलं नाही, हा घोळ मात्र वेगळा. ॲपवरचं प्रक्षेपण डिशपेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असू शकतं. मध्ये थांबवून चहा टाकलात की आणखी मागे, परत आल्यावर ‘लाइव्ह’चं बटण दाबायचं. ग्रुपवर निकालाआधी पुरस्काराच्या विभागाचं नाव तेवढं टाकावं, ज्याचं प्रक्षेपण मागे आहे तो फोन उलटा ठेवील. आणि लाईट गेली तर नुसता राउटर इन्व्हर्टरवर असून भागत नाही बघा, फायबर इंटरनेटचा डबा वेगळा असेल तर त्यालाही इन्व्हर्टरवरची पिन लागते.